घराजवळच्या माळावर कॅमेरा घेऊन: रुई, माकडशिंगी आणि पंखा फुलवणारा सरडा

सासवड, सुपे, बारामती, इंदापूर हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून शंभरएक किलोमीटरवर, आमच्या माळावर, जेमतेम 500च्या आसपास. हे वाळवंट नव्हे, पण इथल्या जिवांनी जगण्याची रीत वाळवंटाचीच धरली आहे: काटे, चीक, पाणी साठवणारी खोडं, भर दुपारी बिळात नाहीतर बोराटीच्या सावलीत बसणं. कागदोपत्री अशा जमिनीला सर्रास 'पडीक' म्हटलं जातं. तो शब्द मला लागतो. म्हणूनच तुमच्या घराजवळ असा माळ असेल, तर तिथे फोटो कसे काढायचे ते सविस्तर सांगतो.

एकच माळ धरा

दर रविवारी नवी जागा शोधू नका. अर्ध्या तासात पोचता येईल असा एकच माळ निवडा आणि पहिल्या दोन फेऱ्यांना कॅमेरा पिशवीतच राहू द्या. वही काढा. कोणता पक्षी कुठल्या दगडावर बसतो, पाणी कुठे साठतं, मेंढरं कोणत्या वाटेनं जातात, हे टिपा. मेंढपाळांशी बोला. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा एक म्हातारबा म्हणाले, "खोकड बघायचंय व्हय? मग चालू नगंस. त्या ताटव्याकडं तोंड करून गप बस." मी बसलो. चाळीस मिनिटांनी खोकड, म्हणजे माळावरचा लहानसा कोल्हा, समोरून गेलं, एकदाच मागे वळून बघत. जमीन खाजगी असेल तर मालकाला आणि वनखात्याची असेल तर वनरक्षकाला आधी विचारा. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी राखलेलं आहे, तिथले नियम वेगळे असतात.

सुरुवात रुईपासून करा

हे झाड माळावर सोडा, रस्त्याच्या कडेलाही असतं. शनिवारी मारुतीला जिची माळ घालतात तीच रुई. पानं उलटून बघा. पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसली तर ती बहुधा प्लेन टायगर फुलपाखराची. रुईच्या चिकातलं विष अंगात साठवून ती पक्ष्यांपासून वाचते. फुलांवर मोठे काळे भुंगे येतात. ते सतत हलत असतात, म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या 1/1000 भागापेक्षा जलद ठेवा आणि भुंग्याच्या मागे कॅमेरा फिरवण्यापेक्षा एका घोसावर फोकस धरून थांबा. तो येतोच. एवढ्यासाठी मोबाइलही चालतो. फक्त चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, हात धुवा.

माकडशिंगी: गुडघ्यावर नाही, पोटावर

श्रावण-भाद्रपदात काटेरी झुडपांच्या बुडाशी वाकून बघा. हिरवी, कोनदार, पानं नसलेली बोटभर जाडीची खोडं दिसतील. ही माकडशिंगी. खोडाच्या वरच्या भागात खाली मान घातलेली फुलं लागतात, नखाएवढी, गडद जांभळी, कडेला बारीक केस. वारा आला की ते केस थरथरतात आणि फुलावर माश्या घुटमळतात. या वनस्पतीचं परागीभवन माश्याच करतात.

उभ्यानं काढलेल्या फोटोत हे फूल दिसतच नाही, कारण त्याचं तोंड जमिनीकडे असतं. गोणपाट अंथरा, पोटावर झोपा, कॅमेरा मातीला टेकवा आणि किंचित वर बघा. अंग टेकायच्या आधी काठीनं जागा चाळून घ्या, फुरसं हा विषारी साप असू शकतो. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स असेल तर तिचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ 8 ते एफ 11 ठेवा. मागे झुडपाची सावली घेतली की फूल उठून दिसतं. ऊन कडक असेल तर सोबत्याला फुलावर छत्री धरायला सांगा. समोरची काडी आड येते म्हणून तोडू नका, बाजूला वाकवा आणि काम झालं की सोडा. त्याच काट्यांच्या आडोशानं ही माकडशिंगी शेळ्यांच्या तोंडून वाचलेली असते.

सरड्यासाठी उन्हाळा

एप्रिल ते जून या काळात माळावरचा एक लहानसा, मातकट सरडा दगडावर चढतो आणि गळ्याखालचा पंखा फुलवतो. निळा, काळा, केशरी. मादीला दाखवायला आणि दुसऱ्या नराला दटावायला. 2016 साली या सरड्यांच्या काही जाती वेगळ्या गटात घातल्या, तेव्हा शास्त्रज्ञांनी गटाला आपल्या मराठीतलंच नाव दिलं: सरडा. सरडा सुपर्बा, सरडा डार्विनी, सरडा डेक्कनेन्सिस. हे वाचून मला फार आनंद झाला होता.

पद्धत अशी. नराचा ठरलेला दगड आधी लांबून हेरा. मग पाच-पाच पावलं पुढे सरका आणि दर वेळी दोन मिनिटं थांबा. सावली त्याच्यावर पडू देऊ नका. आठ-दहा फुटांवर आलात की आडवे व्हा. डोळ्यावर फोकस, शटर 1/1250, सलग फोटोंचा मोड. पंखा सेकंदभरच उघडतो, पण त्याआधी तो मान वर उचलतो. तीच खूण धरून बटण दाबा. तो पळून गेला तर पाठलाग नको. तिथेच पडून राहा, तो बहुतेक परततो.

उन्हाळ्यात नऊ-साडेनऊनंतर जमिनीवरची हवा थरथरू लागते. तेव्हा लांबच्या पक्ष्याचा फोटो कितीही महागड्या लेन्सनं काढला तरी लिबलिबीत येतो. मी वर्षभर लेन्सला दोष देत होतो. दोष तापलेल्या हवेचा असतो, आणि उपाय दोनच: जवळून काढा, नाहीतर पहाटे या.

पक्ष्यांसाठी गाडीतच बसा

धाविक, पखुर्डी, चंडोल माणूस दिसला की सरकतात, उभ्या गाडीला मात्र फारसे घाबरत नाहीत. इंजिन बंद करा. जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात जोंधळे भरा, खिडकीच्या काचेवर ठेवा, तिच्यावर लेन्स टेका. 300 मिलिमीटरची लेन्स पुरते. नवख्यानं खाटीक नावाच्या पक्ष्यापासून सुरुवात करावी. तो बाभळीच्या त्याच त्या शेंड्यावर परत येऊन बसतो. गाडी गवतात घालू नका, चाकोरी सोडू नका.

घरट्याचा फोटो नको

माळटिटवी उघड्या जमिनीवर चार अंडी घालते, खड्यांसारखीच दिसणारी. एका मे महिन्यात टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती आणि मी कौतुकानं तिचे फोटो काढत उभा होतो. अंडी माझ्या बुटापासून दोन हातांवर होती. मी तिथे होतो तेवढा वेळ ती उन्हात उघडी तापत राहिली. आता पक्षी असा ओरडू लागला की मी आलो त्याच पावलांनी मागे फिरतो. खोकडाच्या बिळापाशी पिल्लं दिसली तरी तेच. पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवून त्यांना बोलावणंही नको.

फोटो टाकण्याआधी

मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. माकडशिंगी औषधासाठी उपटून नेतात, बिळाचा पत्ता कळला की गर्दी होते. फोटोखाली तारीख, वेळ आणि तालुक्याचं नाव लिहा. त्यापुढचा पत्ता तुमच्या वहीत राहू द्या.