हातात पैसे नसताना घटस्फोट घ्यायचाय? या चुका टाळा

घटस्फोटात कोर्टाला भरायची फी ही बहुतेक वेळा सगळ्यात लहान रक्कम असते. पैसा जातो तो तारखांवर. बुडालेला रोज, गाडीभाडं, वकिलाची दर तारखेची फी, पुन्हा पुढची तारीख. म्हणून हात तंग असेल तर ‘कोण स्वस्तात करून देईल’ यापेक्षा ‘कमीत कमी तारखांत कसं संपेल’ हे आधी बघा.

इथे लिहिलंय ते मुख्यतः 1955 च्या हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नांबद्दल. हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीखही त्यात येतात. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी विवाहांचे नियम वेगळे आहेत. मोफत वकिलाचा भाग मात्र सगळ्यांना लागू आहे.

स्टॅम्प पेपरवरची फारकत

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, कारण ती सगळ्यात स्वस्त दिसते. नोटरीकडे जायचं, स्टॅम्प पेपरवर ‘आजपासून आमचा एकमेकांशी काही संबंध राहिला नाही’ असं टाइप करून घ्यायचं, दोन्हीकडच्या चार जाणत्यांच्या सह्या घ्यायच्या आणि मोकळं झालो म्हणून घरी यायचं. कायद्याच्या दृष्टीने ते लग्न जसंच्या तसं उभं असतं. नोटरी सही कोणी केली याची खात्री करतो, लग्न मोडत नाही.

काही समाजांत फारकतीची जुनी रूढी आहे आणि हिंदू विवाह कायद्याचं कलम 29(2) ती मान्यही करतं. पण आपल्या समाजात ती खरंच परंपरेने चालत आली आहे, हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावं लागतं. ते जमलं नाही आणि दरम्यान कोणी दुसरं लग्न केलं, तर ते लग्न रद्दबातल ठरतं. वर भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यात भरडली जाते ती विश्वास ठेवून लग्न करणारी दुसरी बाई.

आणखी एक गोष्ट सही करताना कोणी सांगत नाही. त्या कागदावर ‘आम्ही राजीखुशीने वेगळे राहत आहोत’ असं वाक्य हमखास असतं. घटस्फोट न होता परस्पर संमतीने वेगळं राहणाऱ्या पत्नीला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खालची पोटगी नाकारता येते. म्हणजे घटस्फोट मिळाला नाहीच, आणि तो कागद पोटगीच्या आड आला.

मोफत वकील म्हणजे कामचलाऊ वकील, असं धरून चालणं

1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. तिचं उत्पन्न किती, माहेरचे कसे आहेत, हे बघितलं जात नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांनाही तो हक्क आहे. बाकीच्या पुरुषांसाठी उत्पन्नाची अट आहे. महाराष्ट्रात ती वर्षाला 3 लाख रुपये आहे. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे करायचा. 15100 या हेल्पलाइनवर आधी विचारून घेतलं तर हेलपाटा वाचतो.

या वकिलाने तुमच्याकडे पैसे मागायचे नसतात. ‘टायपिंगचे द्या, झेरॉक्सचे द्या’ असं सुरू झालं किंवा वकील तारखेला येतच नसेल, तर प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा आणि वकील बदलून मागा. गप्प बसून दुसरा वकील पैसे देऊन लावू नका, कर्ज काढून तर मुळीच नाही.

बायकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. महाराष्ट्र सरकारच्या 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेने घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. अर्ज टाइप करणाऱ्यालाही हे ठाऊक असेलच असं नाही, तुम्हीच सांगा.

खर्च मागायचाच नाही

‘पोटगी नको, फक्त सुटका हवी’ हे वाक्य कोर्टाच्या पायरीवर फार ऐकू येतं. सुटका होईपर्यंत पोटाला काय, हा प्रश्न तोवर कोणी विचारलेला नसतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली खटला चालू असेपर्यंतची पोटगी आणि खटल्याचा खर्च, दोन्ही मागता येतं. ज्याचं उत्पन्न पुरेसं नाही असा कोणीही जोडीदार मागू शकतो, बायको असो वा नवरा. हा अर्ज नोटीस पोचल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असं कायदाच म्हणतो. व्यवहारात उशीर होतो. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून अर्ज लवकर टाका.

त्याच निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र देणं बंधनकारक केलं. समोरच्याचं पगारपत्रक, बँक पासबुकाचं पान, दुकानाचा परवाना, काहीही हाती असेल त्याची प्रत आताच काढून ठेवा. एकदा घर सुटलं की हे कागद मिळत नाहीत.

संमती आहे, पण मसुदा मोघम आहे

दोघांची तयारी असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम 13 ब, म्हणजे परस्पर संमतीने घटस्फोट, हा सगळ्यात कमी खर्चाचा रस्ता. अट अशी की किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं आणि 18 महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा कोर्टापुढे यायचं. वर्षानुवर्षं वेगळे राहत असाल आणि पोटगी, मुलांचा ताबा हे सगळं मिटलेलं असेल, तर सहा महिन्यांची वाट माफ करा असा अर्ज करता येतो. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर (2017) या निकालाने ते शक्य झालं. कित्येकांचा हा अर्ज करायचाच राहून जातो.

संमतीच्या अटी लिहिताना मात्र घाई नको. ‘स्त्रीधन परत केले’ एवढंच लिहिलं की वर्षभराने त्यावरून नवा दावा उभा राहतो. असं लिहा: ‘मंगळसूत्र दोन तोळे, बांगड्या चार, शिलाई मशीन एक, अमुक तारखेला साक्षीदारांसमक्ष मिळाले.’ रक्कम ठरली असेल तर किती, कोणत्या दिवशी, डिमांड ड्राफ्टने की खात्यावर, तेही लिहा. निकाल लागेपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो. त्यामुळे सगळी रक्कम पहिल्याच अर्जावेळी देऊ नये, आणि घेणाऱ्यानेही निकालानंतर मिळेल या तोंडी शब्दावर राहू नये. काही भाग आधी, उरलेला दुसऱ्या वेळी न्यायाधीशांसमोर, ही पद्धत दोघांना सुरक्षित ठेवते.

मुलांची पोटगी सोडून देऊ नका. तो मुलांचा हक्क आहे. आईने ‘काही नको’ लिहून दिलं म्हणून तो संपत नाही.

आणि मारहाण होत असेल तर ‘संमती’ या शब्दाच्या दबावाखाली सही करू नका. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली घटस्फोट न घेताही संरक्षण, राहायला जागा आणि खर्च मागता येतो. संरक्षण अधिकारी अर्ज भरायला मदत करतात. 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे.

समन्स न घेणं, तारीख चुकवणं

‘नोटीस घेतलीच नाही तर केस कशी चालेल?’ चालते. एकतर्फी निकाल लागतो आणि तो उलटवायला पुन्हा वकील, पुन्हा अर्ज. त्या अर्जाची मुदत साधारण 30 दिवसांची. केस दाखल झाली की 16 अंकाक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे तुमच्या केसचा ओळख क्रमांक, मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या मोफत ॲपवर तो टाकला की पुढची तारीख दिसते. फक्त तारीख विचारायला शंभर किलोमीटर येण्याची गरज उरत नाही.

खासगी वकील लावलाच तर

फी एकरकमी ठरवा की तारखेगणिक, हे पहिल्याच भेटीत बोला आणि प्रत्येक पैशाची पावती घ्या. मिळणाऱ्या पोटगीतला टक्का फी म्हणून ठरवायला वकिलांना मनाई आहे. फी थकली म्हणून तुमचे मूळ कागद अडवून ठेवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली आर. डी. सक्सेना प्रकरणात ते स्पष्ट केलं. कोऱ्या कागदावर सही कधीच करू नका, आणि वकीलपत्रही वाचून मगच सही करा.

निकाल ऐकला आणि घरी आलो

न्यायाधीशांनी ‘मंजूर’ म्हटलं की पुष्कळ जण कोर्टाकडे परत फिरकत नाहीत. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत नक्कल विभागातून काढा आणि शक्य असेल तर दोन काढा. पासपोर्ट, रेशनकार्ड, मुलांची शाळा, पुन्हा लग्न, सगळीकडे तीच लागते. लढून मिळालेल्या घटस्फोटात अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसऱ्या लग्नाची तारीख धरू नका.