विशेष शाळा वाढवताना समतेचा हिशेब कसा मांडायचा

इंग्लंडमधल्या एका कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, शिक्षण विभागात मी शाळांमधल्या जागांचं नियोजन बघते. एखाद्या विशेष शाळेची पटसंख्या वाढवायची किंवा नवी इमारत जोडायची म्हटलं की प्रस्तावाला इक्वॉलिटी इम्पॅक्ट असेसमेंटचा, म्हणजे वेगवेगळ्या गटांवर काय परिणाम होईल ते तपासण्याचा, फॉर्म टाचलेला असतो, आणि बहुतेक फॉर्म एकाच साच्यातले. अपंगत्व: चांगला परिणाम. वंश: परिणाम नाही. धर्म: परिणाम नाही. लिंग: परिणाम नाही. खाली सही, तारीख. भरणाऱ्याचा तर्क सरळ असतो. शाळाच विशेष गरजांच्या मुलांची, ती मोठी होतेय, मग भलंच होणार. यात तपासायचं काय?

तपासायचं हे, की भलं कुठल्या मुलांचं आणि कुणाच्या वाट्यातून. अशा विस्तारात ज्यांचा फायदा होतो ती मुलं अपंग असतात आणि ज्यांची अडचण होते तीही बहुधा अपंगच. म्हणून ‘अपंगत्व’ या रकान्यात एक वाक्य टाकून मोकळं होता येत नाही. आपली बरीच मराठी मंडळी आता इथल्या शाळांवर गव्हर्नर, म्हणजे व्यवस्थापन मंडळाचे सदस्य, आहेत, काही कौन्सिलांत नोकरीला आहेत, काहींची मुलं अशा शाळांत शिकतात. हा कागद कधीतरी तुमच्यापुढे येईलच, लिहायला नाहीतर मंजूर करायला.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. इक्वॉलिटी ॲक्ट 2010 च्या कलम 149 नुसार सार्वजनिक संस्थांनी आपलं काम करताना तीन गोष्टींचा नीट विचार करायचा असतो: भेदभाव थांबवणं, संधीची समानता वाढवणं आणि वेगवेगळ्या गटांत सलोखा राखणं. संरक्षित वैशिष्ट्यं नऊ: वय, अपंगत्व, लिंगबदल, विवाह व सिव्हिल पार्टनरशिप, गरोदरपण व बाळंतपण, वंश, धर्म वा श्रद्धा, लिंग आणि लैंगिक कल. यात दोन बारकावे आहेत. विवाहाचा मुद्दा फक्त भेदभाव थांबवण्यापुरता लागू होतो. आणि शाळेतल्या मुलांच्या शिक्षणाच्या बाबतीत वयाचा मुद्दा या कर्तव्यातून वगळलेला आहे. कर्मचारी आणि शेजारी यांच्या बाबतीत मात्र तो लागू आहे. ‘वय’ या रकान्यात मुलांच्या इयत्ता भरलेले फॉर्म येतात, त्यांचा काही उपयोग नसतो.

दुसरं असं, की इंग्लंडमध्ये हा फॉर्म भरण्याची सक्ती कायद्यात नाहीच. सक्ती आहे ती विचार करण्याची; फॉर्म हा फक्त पुरावा. 2008 च्या ब्राऊन खटल्यात कोर्टाने त्याची तत्त्वं सांगितली आहेत. विचार निर्णयाच्या आधी आणि निर्णय घेताना झाला पाहिजे, मोकळ्या मनाने आणि खोलात जाऊन झाला पाहिजे, जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही, आणि नोंद ठेवलेली बरी. त्यामुळे कुठलाही फॉर्म हातात आला की मी आधी तारीख बघते. नकाशे पक्के झाले, ठेकेदार ठरला आणि मग फॉर्म भरला असेल, तर ती सारवासारव झाली.

आता कामाला लागू. पहिलं काम म्हणजे नेमका बदल लिहून काढणं. ‘शाळेचा विस्तार’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. उदाहरणादाखल असं समजा: 120 मुलांची शाळा 160 ची करायची, वाढीव 40 जागा ऑटिझम असलेल्या मुलांसाठी, नवी इमारत आहे त्याच आवारात, खेळाच्या मैदानाच्या एका बाजूला, मुलं आत शिकत असतानाच बांधकाम. एवढं लिहिलं की प्रश्न आपोआप उभे राहतात. कौन्सिलच्या शाळेच्या बाबतीत ही वाढ नुसती अंतर्गत बाबही राहत नाही. विशेष शाळेत 10 टक्के किंवा 20 मुलं, यांतला जो आकडा लहान असेल तेवढी वाढ झाली (निवासी शाळेत 5 मुलं) की रीतसर प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो आणि हरकती-सूचनांसाठी चार आठवडे द्यावे लागतात. म्हणजे 120 च्या शाळेत 12 मुलं वाढली तरी पुरे. अकॅडमी, म्हणजे सरकारी पैशावर पण कौन्सिलबाहेर चालणारी शाळा, असेल तर मार्ग वेगळा.

मग आत्ता शाळेत असलेल्या मुलांकडे या. सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा, कारण नव्या जागांच्या आनंदात यांना सगळे विसरतात. हायड्रोथेरपीचा (पाण्यातल्या व्यायामाचा) पूल एकच असेल आणि आठवड्यातले तास तेवढेच राहणार असतील, तर 120 ची 160 मुलं झाल्यावर प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ पाव हिश्शाने घटतो. हा आकडा फॉर्ममध्ये आलाच पाहिजे. हॉइस्ट (मुलाला उचलायचं यंत्र) असलेल्या स्वच्छतागृहाचंही तसंच. एका मुलाला उचलून, बदलून, परत खुर्चीत बसवायला दोन माणसं आणि बराच वेळ लागतो. वाढीव मुलांतल्या काहींनाही ती खोली लागणार असेल तर कुणीतरी ओल्या कपड्यांत रांगेत थांबणार. जेवणाचा हॉल, थेरपिस्टचे तास, नर्स, शांत खोली, सगळं असंच एकेक करून मोजा. खोल्यांच्या क्षेत्रफळासाठी शिक्षण खात्याचं बिल्डिंग बुलेटिन 104 आहे, आर्किटेक्टकडून त्याच्याशी ताडून घ्या. पण क्षेत्रफळ बसलं म्हणजे दिवस बसला असं नाही. वेळापत्रक मागवा. वेळापत्रकात खोटं लपत नाही.

बांधकामाच्या आवाजाबद्दल वेगळं लिहा. ज्या मुलाला हँड ड्रायरचा आवाज सहन होत नाही, त्याच्या खिडकीखाली पाइलिंग, म्हणजे पायाचे खांब जमिनीत ठोकणं, सुरू झालं तर त्याचं शिक्षण त्या दिवसापुरतं संपलं. मैदानाचा तुकडा गेला तर धावल्याशिवाय ज्यांचं डोकं शांत होत नाही अशी मुलं कुठे धावणार?

दुसरी मोठी गोष्ट वाहतूक. हिच्यासाठी एक सकाळ शाळेच्या गेटवर उभं राहा, कागदावरून काही कळत नाही. विशेष शाळेत चालत येणारी मुलं मोजकी. बाकीची मिनीबसने आणि टॅक्सीने. मागच्या लिफ्टवरून व्हीलचेअर खाली घ्यायची म्हणजे पट्टे सोडायचे, लिफ्ट खाली, खुर्ची बाहेर, लिफ्ट वर. तोवर मागची गाडी थांबलेली, आणि तिच्यातलं मूल गाडी थांबली की अस्वस्थ होणारं. त्यात आणखी 40 मुलांच्या गाड्या घाला. शाळा ‘मग अर्धी मुलं वीस मिनिटं उशिरा’ असं म्हणेल. त्याने गेटवरची गर्दी विभागली जाईल, पण ज्या आईला नऊच्या पाळीला पोचायचंय तिचं गणित बिघडेल.

प्रवासाचा वेळ मुलागणिक काढा. सरकारी मार्गदर्शनात प्राथमिकच्या मुलासाठी जास्तीत जास्त 45 मिनिटं आणि माध्यमिकच्या मुलासाठी 75 मिनिटं योग्य मानली आहेत. फुकट वाहतुकीसाठी आठ वर्षांखालच्या मुलांना 2 मैल आणि त्यापुढे 3 मैल ही अंतराची अट असते, पण अपंगत्वामुळे किंवा विशेष गरजांमुळे ज्याला चालत जाणं शक्य नाही त्याला ती लागू नाही. नवी मुलं नेण्यासाठी आहेत त्याच गाड्यांचे फेरे लांबवले, तर आज अर्ध्या तासात पोचणारं मूल उद्या तासभर गाडीत बसेल. सरासरी काढू नका. सरासरीत ते मूल गायब होतं. सगळ्यात आधी गाडीत बसणारं आणि शेवटी उतरणारं मूल कोणतं, तेवढं विचारा.

तिसरा गट बाहेरच्यांचा, आणि माझ्या मते सगळ्यात टाळला जाणारा. काउंटीच्या एका टोकाची शाळा वाढवली म्हणजे दुसऱ्या टोकाला ती वाढवली नाही. शिवाय 2014 च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्टचा कल आजही सर्वसाधारण शाळेकडे आहे. पालकांची इच्छा वेगळी असेल किंवा इतर मुलांच्या शिक्षणाला बाधा येणार असेल तरच अपवाद. विशेष शाळेत जागा झाल्या की सर्वसाधारण शाळांना ‘हे मूल तिकडे पाठवा’ म्हणणं सोपं जातं. हा धोका लिहून ठेवा, आणि त्याच पैशात चार सर्वसाधारण शाळांत खास युनिटं काढायचा पर्याय तपासला होता का, तेही लिहा. नसेल तपासला तर ‘नाही’ असं लिहा.

आकडे मिळतात तीन ठिकाणी: स्कूल सेन्सस म्हणजे शाळांतल्या मुलांची सरकारी गणना, मुलांच्या ईएचसीपी म्हणजे शिक्षण-आरोग्य-काळजी योजना, आणि वाहतूक विभागाच्या याद्या. त्यांतून लिंग आणि वंश बघा, आणि आजची शाळा, प्रतीक्षायादी व सगळा जिल्हा शेजारी शेजारी मांडा. देशभरात ईएचसीपी असलेल्या मुलांत मुलगे बहुसंख्य, साधारण दहात सात. त्यामुळे नव्या वर्गांत मुली अगदी तुरळक असणार. आठ जणांच्या वर्गात एकटी मुलगी असेल तर कपडे बदलायच्या खोलीपासून मैत्रीपर्यंत तिचं काय, हा ‘लिंग’ या रकान्याचा प्रश्न; ‘परिणाम नाही’ हे त्याचं उत्तर नव्हे. ऑटिझम असलेल्या मुली उशिरा ओळखल्या जातात, त्यामुळे यादीत मुली कमी दिसल्या म्हणून गरज कमी असं धरू नका.

वंशाचंही तेच. इंग्लंडमध्ये जिप्सी-रोमा आणि आयरिश ट्रॅव्हलर मुलांमध्ये विशेष गरजा नोंदल्या जाण्याचं प्रमाण सर्वांत जास्त, तर भारतीय आणि चिनी मुलांमध्ये बरंच कमी. आपल्या मुलांचं प्रमाण कमी का, याची कारणं अनेक असतील. पण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून तपासणी दोन-दोन वर्षं लांबवणारी घरं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. प्रतीक्षायादीत ज्यांची नावंच नाहीत त्यांच्यासाठी जागा कुणी मोजत नाही. पाचपेक्षा लहान आकडे छापू नका, छोट्या शाळेत त्यावरून मूल ओळखू येतं. तिथे ‘5 पेक्षा कमी’ एवढंच लिहा.

कर्मचाऱ्यांचं एका परिच्छेदात भागतं, पण तो परिच्छेद हवा. वर्गात मदत करणाऱ्यांत बायका जास्त, बऱ्याच अर्धवेळ. शाळेच्या वेळा बदलल्या की त्यांच्या घरचं वेळापत्रक बदलतं. गरोदर सहकारिणीला उचल-ठेव आणि मारहाणीचा धोका असलेला वर्ग यांपासून दूर ठेवायचं तर बदली माणूस कोण, हे आधीच ठरलेलं हवं. धर्म, लिंगबदल आणि लैंगिक कल यांत बहुतेक वेळा मुद्दा स्वच्छतागृहं, प्रार्थनेची जागा, जेवण आणि पोहण्याचे कपडे यांपाशी येतो. खरंच काही नसेल तर ‘तपासलं, परिणाम आढळला नाही’ असं लिहा आणि कशावरून तेही जोडा. गेटपाशी राहणारे म्हातारे किंवा अपंग शेजारी आणि त्यांच्या गाड्या लावायची जागा यांचीही चौकशी करा.

लोकांना विचारायचं कसं? चार आठवडे शाळेच्या सुट्टीत घालवू नका. संध्याकाळी सहाची सभा ठेवली तर ज्यांचं मूल कुणाकडे सोडता येत नाही ते पालक येणारच नाहीत, आणि मतं नेमकी त्यांचीच हवी असतात. फोनवर विचारा, मुलांना सोडायला येतात तेव्हा विचारा. दुभाष्या कौन्सिलचा आणा. मोठ्या बहिणीला भाषांतराला बसवू नका. मुलांनाही विचारता येतं. मकाटॉनच्या (बोलायला अडचण असणाऱ्यांसाठीच्या हातवाऱ्यांच्या) खुणा, चित्रचिन्हं, किंवा आवारातल्या जागांचे फोटो पुढे ठेवून ‘आवडतं’ आणि ‘नको’ अशा दोन ताटल्यांत टाकायला सांगा. न बोलणारं मूल मैदानाच्या कोपऱ्यातल्या झोक्याचा फोटो हातातून सोडतच नाही, आणि नकाशात नेमक्या त्याच कोपऱ्यावर नवी इमारत काढलेली असते, असं होऊ शकतं. मग आर्किटेक्टला बोलवायचं.

उपाय लिहिताना माणूस, तारीख आणि पैसा, तिन्ही हवेत. ‘बांधकामाचा त्रास कमी करण्याचा प्रयत्न केला जाईल’ हा उपाय नव्हे. ‘पाइलिंग फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत, अट टेंडरमध्ये, जबाबदारी प्रकल्प व्यवस्थापकाची’ हा उपाय. ‘वाहतुकीवर लक्ष ठेवू’ ऐवजी ‘कुणाचाही प्रवास आजच्यापेक्षा दहा मिनिटांहून जास्त वाढला तर नवी गाडी, खर्च प्रस्तावात धरलेला’ असं हवं. शेवटी निष्कर्ष चारांपैकी एक: प्रस्ताव आहे तसा ठीक; बदल करून पुढे; परिणाम मान्य करून, कारणं देऊन पुढे; किंवा थांबवा. तिसरा लिहायला लोक घाबरतात. उगाच. जागांअभावी मुलं घरी बसलेली असतील तर दोन वर्षांचा आवाज सोसणं योग्य ठरूही शकतं, फक्त ते कुणी सोसायचं आणि का, हे छापील असलं पाहिजे.

हा कागद निर्णय घेणाऱ्यांच्या हाती पूर्ण द्या. अहवालात ‘समतेचा विचार केला आहे’ एवढी ओळ आणि खाली लिंक, असं नको. जबाबदारी त्यांची आहे, वाचायचंही त्यांनीच. कर्तव्य मंजुरीनंतरही चालूच राहतं, म्हणून फेरतपासणीची तारीख तेव्हाच घाला: नवी मुलं आल्यावर पहिलं सत्र संपताना. त्या दिवशी तेच आकडे पुन्हा काढायचे, पूलमधला मुलागणिक वेळ आणि सगळ्यात लांबच्या मुलाचा प्रवास, आणि ते काढणाऱ्या माणसाचं पद कागदावर लिहून ठेवायचं.