फुलोरा दिसल्यावर धावू नका: गाजर गवत, घाणेरी, जलपर्णी आणि गोगलगायी आवरताना या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरातल्या एका रविवारी आम्ही तीस-बत्तीस जण गावाबाहेरच्या गायरानात गाजर गवत उपटायला उतरलो. सगळं रान पांढऱ्या फुलांनी भरलं होतं, म्हणूनच तर सगळ्यांना निकड वाटली. दुपारपर्यंत अडीच ट्रॉल्या भरल्या आणि गावातून नेऊन उकिरड्यावर ओतल्या. पुढच्या पावसाळ्यात ट्रॉली ज्या रस्त्यानं गेली, त्याच्या दोन्ही कडांना गाजर गवताची रांग उभी राहिली. उकिरड्याचं खत ज्या शेतांत पडलं, तिथंही तेच. बी आम्हीच पेरलं होतं.

गाजर गवताचं एक झाड दहा ते पंचवीस हजार बिया धरतं. वारा, पाणी, गाडीची चाकं, चपलेला लागलेला चिखल, काहीही त्यांना पुरतं. १९५० च्या दशकात पुण्यात नोंद झालेलं हे तण आज देशभर आहे. ते फुलल्यावर आपल्या डोळ्यांत भरतं, पण तोवर निम्मी लढाई हातची गेलेली असते.

उपटायची वेळ म्हणजे पहिल्या पावसानंतरचे दोन-तीन आठवडे. तेव्हा रोप जमिनीला चिकटून असतं, पानं गाजराच्या पाल्यासारखी चहूबाजूंनी पसरलेली, आणि मधला दांडा अजून वर निघालेला नसतो. जमीन ओली असताना ओढलं की मुळासकट येतं. कोरड्या जमिनीत वरूनच तुटतं आणि बुडख्यातून पुन्हा फुटतं. एका फेरीत भागत नाही. पाऊस पडेल तशी नवी उगवण होते, त्यामुळे पावसाळ्यात किमान तीन फेऱ्या धराच. फुलोऱ्याआधी काढलेल्या गवताचं खत करा, बिनधास्त करा. फुलं आली असतील तर मात्र ते कुठंही वाहून नेऊ नका, जागेवरच खोल खड्डा घेऊन पुरा.

उघड्या हातांनी उपटू नका, लहान मुलांना तर या कामाला लावूच नका. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. पापण्या, मान, कोपराची खोबण इथं खाज सुटते, आणि एकदा का अंगाला त्याचं वावडं जडलं, की पुढं नुसत्या जवळून जाण्यानंही त्रास होतो. दमेकऱ्यांनी या कामाला येऊ नये.

आता त्या बिचाऱ्या भुंग्याविषयी. गाजर गवतावर मळकट पांढऱ्या पाठीचे, तपकिरी रेषांचे, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे भुंगे दिसतात आणि लोक कीड समजून फवारणी करतात. हा मेक्सिकन भुंगा. गाजर गवत खाण्यासाठीच १९८० च्या दशकात तो मुद्दाम भारतात आणला गेला. सूर्यफुलावर दिसला म्हणून एकदा त्याच्यावर आळही आला होता. अभ्यासात निघालं की सूर्यफुलाच्या पानांवर गाजर गवताचे परागकण उडून बसले होते, त्यांच्या ओढीनं तो तिथं खात होता. पावसाळ्यात तो कोवळे शेंडे फस्त करतो, हिवाळ्यात जमिनीत जाऊन पडून राहतो. म्हणून भुंगे दिसतील त्या पट्ट्यात औषध मारू नका. डबाभर भुंगे गोळा करून जिथं ते नाहीत तिथं नेऊन सोडा.

घाणेरी ऊर्फ टणटणीच्या बाबतीत चूक कोयत्याची आणि काडेपेटीची. वरून छाटली किंवा पेटवली, की महिन्याभरात आधीपेक्षा दाट फुटवा येतो. ती मोडायची जागा जमिनीच्या वर नाही, खाली आहे. बुंध्याजवळची माती सारून तीन-चार बोटं खाली मुख्य मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडे, तसंच वाळू द्यायचं. दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. सी. आर. बाबू यांच्या गटानं ही पद्धत पक्की केली. दिवसाला मोजकीच झुडपं होतात, पण झालेली परत उठत नाहीत. मग लगेच मारवेल किंवा डोंगरी गवताचं बी टाका. मोकळी जागा ठेवलीत तर तिथं गाजर गवत येऊन बसतं, हे मी दोन टेकड्यांवर पाहिलंय. शिवाय बुलबुल फळं खाऊन बी टाकतात, म्हणून पुढची काही वर्षं मोठ्या झाडांखाली रोपं शोधत फिरावं लागतं.

जलपर्णीबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळ आहे, कारण तिच्यावर दरवर्षी पैसा ओतला जातो आणि दरवर्षी ती परत येते. पवना, मुळा, इंद्रायणी, पंचगंगा, कुठल्याही काठावर जा. मार्च-एप्रिलमध्ये नदीचं हिरवं मैदान झालं, डास वाढले, की यंत्रं येतात. खरं काम नोव्हेंबर-डिसेंबरचं असतं. पुरानं बरीचशी वाहून गेलेली असते, आणि काठाच्या खोबणीत, बंधाऱ्याच्या मागे हातानं ओढता येतील एवढे पुंजके उरलेले असतात. अनुकूल पाण्यात ती दोन आठवड्यांत दुप्पट होते. म्हणजे डिसेंबरात सोडलेला एक पुंजका मार्चमध्ये काय होईल, तुम्हीच हिशोब करा.

काम वरच्या अंगानं सुरू करा. खालून सुरू केलंत, की साफ केलेल्या पात्रात वरून पुन्हा येऊन भरते. काढलेली काठावर टाकून जाऊ नका. तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, त्यामुळे ढीग बसतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण पहिल्या पुरात तुकडे परत पाण्यात जातात, तुकड्यातून रोप होतं, आणि गाळातलं बी पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहतं. तणनाशक मारून नदीतच कुजू देणं तर फार वाईट. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. आणि प्रक्रिया न केलेलं सांडपाणी येत राहील तोवर तिला खुराक मिळतच राहणार. म्हणून जलपर्णी काढायचं निवेदन देताना वरच्या बाजूचे नाले कुठं नदीला मिळतात, त्याचे फोटोही जोडा.

शंखी गोगलगायींनी २०२२ मध्ये लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीनची रोपं जमिनीबरोबर खाल्ली. तिथं झालेली चूक म्हणजे दिवसा शोधणं आणि शेतात मीठ टाकणं. मिठानं जमीन बिघडते. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधालगत अंथरा, पहाटे खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. चुन्याचा पट्टा कोरडा आहे तोवरच अडवतो, सर आली की नव्यानं ओढा. विषारी गोळ्या टाकल्याच तर कुत्री, कोंबड्या लांब ठेवा.

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत बसते आणि पोंग्याच्या तोंडाशी विष्ठेचा बोळा होतो. वरवरचा फवारा तिला लागतच नाही. नोझल पोंग्यात रोखून, संध्याकाळी फवारा. पेरणीनंतरच्या पहिल्या महिन्यात नऊ भाग वाळू आणि एक भाग चुना पोंग्यात टाकूनही फरक पडतो.

आणि घरातल्या टाकीतला परदेशी मासा किंवा लाल कानाचं कासव पुण्य म्हणून तळ्यात सोडू नका, तेही असेच पसरतात. दुकानदार परत घेतो का विचारा. नाही घेतलं तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

गायरानात आम्ही आता जूनच्या शेवटच्या रविवारी जातो. त्या दिवशी तिथं बघण्यासारखं काही नसतं, फोटोही चांगले येत नाहीत. यंदा आठ जण होतो. खुरप्यानं काढलेली सगळी रोपं मिळून पाच गोण्या भरल्या, एकाही रोपाला कळी नव्हती.