ऑयलरची रीत: अवकल समीकरणाचं उत्तर आकड्यांत कसं काढायचं

य′ = क्ष − य², आणि क्ष = ० असताना य = १. मग क्ष = १ ला य किती? (य′ म्हणजे चढ: क्ष बदलताना य किती वेगाने बदलतो ते.)

हे समीकरण दिसायला साधं आहे, पण शाळा-कॉलेजात शिकलेल्या फलनांत त्याचं उत्तर बसत नाही. प्रत्यक्ष कामात भेटणारी बहुतेक अवकल समीकरणं, म्हणजे डिफरन्शियल इक्वेशन्स, अशीच असतात. तिथे उत्तराचं सूत्र शोधत बसू नका, आकडा काढा. त्यासाठीची सगळ्यात साधी रीत लिओनार्ड ऑयलरने १७६८ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात दिली आहे. ती शिकायला दहा मिनिटं पुरतात. पण तिने दिलेला आकडा कधी खरा मानायचा हे समजायला मला फार वेळ लागला, म्हणून या लेखातला बराचसा भाग त्यावरच आहे.

मांडणी

समीकरणात य′ एकटा डावीकडे आणा. समीकरण दुसऱ्या कोटीचं असेल, म्हणजे त्यात य′ चाही चढ येत असेल, तर य′ ला नवं नाव द्या (समजा ग) आणि य′ = ग, ग′ = उरलेलं सगळं, अशी दोन समीकरणं करा. दोन्ही पुढे नेताना चढ मात्र जुन्याच किमतींवरून काढा. आधी य बदलून मग तोच नवा य वापरून ग काढलात, तर ती वेगळी रीत होते.

पावलं टाकणं

पावलाची लांबी प माना. उभ्या आहात त्या बिंदूवरचा चढ काढा, म्हणजे तिथले क्ष आणि य समीकरणाच्या उजव्या बाजूत घाला, आणि प एवढं अंतर त्याच चढाने सरळ चाला:

नवा य = जुना य + प × चढ

प = ०.२५ घेऊन वरचं उदाहरण:

क्ष = ०, य = १, चढ = −१
क्ष = ०.२५, य = ०.७५, चढ = −०.३१२५
क्ष = ०.५, य = ०.६७१९, चढ = ०.०४८६
क्ष = ०.७५, य = ०.६८४०, चढ = ०.२८२१
क्ष = १, य = ०.७५४५

मधल्या पायऱ्यांत आकडे गोल करू नका, गोल करायचं ते शेवटी एकदाच. रीत एवढीच.

पाऊल केवढं घ्यायचं

गाईडांमध्ये आणि सोडवलेल्या उदाहरणांत दोनच सल्ले सापडतात. एक, ‘प = ०.१ घ्या.’ दुसरा, ‘प लहान घ्या.’ पहिला चूक आहे आणि दुसरा अपुरा, कारण लहान म्हणजे किती हे समीकरणावर ठरतं.

य′ = −३०य, सुरुवात य = १, हे समीकरण घ्या. खरं उत्तर झपाट्याने शून्याकडे जातं. क्ष = ०.१ ला ते सुमारे ०.०५ असतं. आता प = ०.१ घेऊन ऑयलरची पावलं टाका. दर पावलाला य ला (१ − ३) म्हणजे −२ ने गुणलं जातं, आणि आकडे येतात १, −२, ४, −८, १६. विझत जाणारी गोष्ट दुप्पट होत सुटते, वर दर खेपेला चिन्हही बदलतं.

मी अशाच एका समीकरणावर अख्खी रात्र घालवली आहे. बेरजा तपासल्या, चिन्हं तपासली, प्रोग्रॅम पहिल्यापासून पुन्हा लिहिला. चूक कुठेच नव्हती. गणित बरोबर होतं आणि पाऊल चूक होतं, पण पाऊल चूक असू शकतं हे तोवर मला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून स्पष्ट सांगते: पुढचा नियम पाठ करा.

उजव्या बाजूचं य च्या सापेक्ष अवकलन (डिफरन्शिएशन) करा, क्ष स्थिर धरून. ते ऋण आलं तर चिन्ह सोडून फक्त त्याचा आकडा घ्या. पाऊल २ भागिले हा आकडा यापेक्षा कमी असलंच पाहिजे, नाहीतर उत्तर उधळतं. वरच्या उदाहरणात ही मर्यादा २/३०, म्हणजे साधारण ०.०६७ आहे. पण मर्यादेच्या आत आलात म्हणजे काम झालं असंही नाही. प = ०.०५ घेतलंत तर १, −०.५, ०.२५, −०.१२५ असे आकडे येतात. ते विझतात खरे, पण खरं उत्तर एकदाही ऋण होत नाही. चिन्हांची ही उलटापालट थांबवायची तर पाऊल १/३० च्या खाली हवं. मी सुरुवात त्याच्याही निम्म्याने करते.

आपल्या पहिल्या समीकरणात हे अवकलन −२य येतं. य जास्तीत जास्त १ आहे, म्हणजे पाऊल १ पेक्षा कमी हवं. ०.२५ ने उधळण्याची भीती नाही. मग ०.७५४५ हे उत्तर बरोबर का? नाही. उधळणं आणि चुकणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि लोक इथेच फसतात. शांत, गुळगुळीत दिसणारा आकडाही चांगलाच चुकलेला असू शकतो.

ते ओळखायचा एकच भरवशाचा उपाय मला माहीत आहे: पाऊल निम्मं करा आणि सगळं पुन्हा काढा.

प = ०.२५ → ०.७५४५
प = ०.१२५ → ०.७९७७
प = ०.०६२५ → ०.८१६३

पहिला फरक ०.०४३२, दुसरा ०.०१८६. फरक दर खेपेला साधारण निम्मा होतो आहे. ऑयलरची रीत नीट चालली असल्याची हीच खूण, कारण या रीतीत पाऊल निम्मं केलं की चूकही जवळपास निम्मी होते. याचाच दुसरा अर्थ असा की शेवटच्या आकड्यात अजून साधारण शेवटच्या फरकाएवढी चूक शिल्लक आहे. मग तो फरक मिळवूनच टाका: ०.८१६३ + ०.०१८६ = ०.८३४९. खरं उत्तर ०.८३३ च्या जवळ आहे. एका बेरजेत केवढी सुधारणा झाली पाहा.

फरक निम्मे होत नसतील तर थांबा. य′ = य², सुरुवात य = १, याचं खरं उत्तर १/(१ − क्ष) आहे, म्हणजे क्ष = १ ला ते अनंतात जातं. ऑयलरला त्याचा पत्ताच लागत नाही. प = ०.२५ ने तो क्ष = १ ला ३.६५ सांगतो आणि प = ०.१२५ ने ५.३६. दोन्ही आकडे अगदी सभ्य दिसतात. एकदाच काढून सोडून दिलं असतं तर ३.६५ वहीत उतरलं असतं. म्हणून एकाच पावलाने काढलेलं उत्तर मी कोणाकडूनही स्वीकारत नाही.

प्रोग्रॅम लिहिताना

किती पावलं टाकायची ते पूर्णांकात मोजा आणि दर वेळी क्ष = क्रमांक × प असं काढा. ‘क्ष १ पेक्षा कमी आहे तोवर चालव’ असं लिहू नका. संगणकाला ०.१ अचूक साठवता येत नाही. दहा वेळा मिळवूनही बेरीज १ च्या किंचित खाली राहते आणि अकरावं पाऊल पडतं.

थोडी जास्त मेहनत, बरंच चांगलं उत्तर

पाऊल निम्मं करत राहणं महाग पडतं. एक दशांश स्थळ जास्त हवं तर दहापट पावलं लागतात. त्याऐवजी जर्मन गणितज्ञ कार्ल हॉयनची १९०० मधली सुधारणा वापरा. आधी ऑयलरसारखं पाऊल टाकून पाहा, पोचाल तिथला चढ काढा, दोन्ही चढांची सरासरी घ्या आणि जुन्या जागेवरून त्या सरासरीने पुन्हा चाला. आपल्या उदाहरणात पहिलं पाऊल असं: चढ −१ आणि −०.३१२५, सरासरी −०.६५६२५, नवा य = ०.८३५९. प = ०.२५ ची चार पावलं टाकून क्ष = १ ला ०.८४४५ येतं. त्यासाठी चढ आठ वेळाच काढावा लागला. साध्या ऑयलरने सोळा वेळा काढूनही ०.८१६३ पर्यंतच पोचलो होतो. इथे पाऊल निम्मं केलं की चूक साधारण चौथाई होते, म्हणून निम्म्या पावलाच्या चाचणीत फरक चौथाई होताना दिसले पाहिजेत. पावलाच्या मर्यादेचा वरचा नियम मात्र इथेही जसाच्या तसा लागू आहे. य′ = −३०य ला ०.१ चं पाऊल दिलंत तर हॉयनची रीतही उधळते.