बाळाचं पावडरचं दूध: महागडा ब्रँड की स्वस्त डबा? या चुका टाळा

गोव्यात डिचोलीला फार्मसीच्या काउंटरवर काम करते, तिथे एक प्रश्न सारखा येतो, "ताई, यातलं चांगलं कुठलं?" आणि चांगलं म्हणजे विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा महागडं असतं. घरात पहिलं बाळ, सासूबाई म्हणतात अमुकच आण, मुंबईची नणंद फोनवर तमुक सांगते, आणि बाळाचे बाबा दोन डबे हातात घेऊन किमती बघत उभे. मला मनापासून वाटतं की यात पैसेही चुकीच्या जागी जातात आणि काळजीही. डबा कुठल्या वयाचा, पाणी कसलं, पावडर किती घातली, यावर बाळाची तब्येत कंपनीच्या नावापेक्षा कितीतरी जास्त अवलंबून असते.

महाग म्हणजे जास्त पौष्टिक असं समजणं

भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक इन्फंट फॉर्म्युलाला, म्हणजे बाळाच्या पावडरच्या दुधाला, एफएसएसएआयचे (सरकारच्या अन्न सुरक्षा संस्थेचे) 2020 चे बाळांच्या आहाराचे नियम लागू आहेत, म्हणजे प्रोटीन, फॅट, लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन हे सगळं ठरलेल्या मर्यादेत असावंच लागतं, डबा कितीचाही असो. आता स्वस्त आणि महाग यात फरक काहीच नाही का, तर आहे, पण तो बहुतेक वरून घातलेल्या गोष्टींचा, डीएचए (एक प्रकारचं ओमेगा-3 फॅट), प्रोबायोटिक (पोटातले चांगले जंतू), न्यूक्लिओटाइड वगैरे. डीएचएचं म्हणाल तर पूर्ण दिवसांच्या बाळांवरच्या अभ्यासांचा कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने 2017 मध्ये आढावा घेतला होता आणि बुद्धीच्या वाढीत ठोस फायदा बहुतेक अभ्यासांत दिसला नाही. म्हणजे परवडत नसेल तर त्या एका शब्दासाठी घरखर्च ओढाताणीत टाकायची गरज नाही.

अमेरिकेत असलेले नातेवाईक सांगतात की आमच्याकडे दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचं स्वस्त दूध मिळतं आणि ते तेवढंच चांगलं, ते बरोबर आहे, तिथे 1980 च्या इन्फंट फॉर्म्युला कायद्यामुळे सगळ्यांना सारखेच पोषणाचे नियम पाळावे लागतात. पण औषधाचं जेनेरिक म्हणजे आतलं औषध तेच, तसं दुधात नसतं, प्रत्येक कंपनीची रेसिपी वेगळी असते. म्हणून डबा फिरवून मागचं वाचा. साखर कुठली आहे ते बघा, लॅक्टोज असेल तर उत्तम, सुक्रोज नको. 14 आकडी एफएसएसएआय लायसन्स नंबर, बॅच नंबर आणि एक्स्पायरी बघा.

मोठं नाव म्हणजे खात्री असंही नाही. 2008 मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन या प्लास्टिकसाठी वापरायच्या रसायनाची भेसळ सापडली तेव्हा सानलू ही तिथली नामांकित कंपनी होती, सुमारे 3 लाख बाळं आजारी पडली आणि सरकारी आकड्याप्रमाणे 6 दगावली. फेब्रुवारी 2022 मध्ये अमेरिकेत ॲबॉट या मोठ्या कंपनीने आपल्या एका कारखान्यात बनलेलं सिमिलॅक आणि इतर पावडर बाजारातून परत मागवली. हे कुणाला घाबरवायला सांगत नाही. डबा उघडला की बॅच नंबरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आपला डबा परत मागवलेल्यांत आहे का ते मग लगेच कळतं.

"मिल्क पावडर द्या" म्हणून मागणं

स्वस्ताच्या नादात खरी धोक्याची चूक ही. दुकानात नुसतं मिल्क पावडर म्हटलं की चहात घालायचं डेअरी व्हाइटनर हातात येऊ शकतं. अमूलस्प्रे बाळांसाठीचं आणि अमूल्या चहासाठीचं, नावं जवळजवळ सारखी, आणि घरातले वडीलधारे आणायला गेले की गोंधळ होतोच. एव्हरीडेसुद्धा व्हाइटनरच. यात साखर घातलेली असू शकते, प्रोटीन आणि मीठ लहान बाळाच्या किडनीला झेपणार नाही एवढं असतं, लोह पुरत नाही. एक वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून गाईचं, म्हशीचं, बकरीचं यातलं कुठलंच नको, मिल्कमेड तर अजिबात नको. स्वस्तातला स्वस्त इन्फंट फॉर्म्युला यातल्या कशाहीपेक्षा बरा. कोणाला दुकानात पाठवत असाल तर डब्याचा फोटो पाठवा.

गल्फमधून, लंडनहून आलेला डबा

आपल्या गोव्यात हा प्रकार जास्त. भाऊ दुबईला, दीर बोटीवर, चुलत बहीण इंग्लंडला, कोणीतरी प्रेमाने दोन डबे आणतं आणि बाळाला ते सुरू होतं. मग डबा संपला की म्हापशात शोधा, मडगावात शोधा, मिळत नाही, आणि रात्री बाळ रडतंय. त्याहून मोठी गडबड चमच्याची. आपल्याकडच्या डब्यांवर बहुतेक 30 मिलीला एक सपाट स्कूप असतो, अमेरिकन डब्यांवर बहुतेक 60 मिलीला एक. सवयीने आपल्या हिशेबाने घातलं तर दूध दुप्पट दाट होतं, उलट केलं तर अर्धं पातळ. प्रत्येक डब्याचा स्कूप त्याच डब्याला, जुना चमचा सांभाळून नवीन पावडरीत वापरायचा नाही.

डबा जास्त दिवस पुरवणं

यावर मी जरा जास्त लिहिते, कारण हे कोणी उघड बोलत नाही. महागडा ब्रँड सुरू केला, परवडेना, मग एक स्कूप कमी, थोडं पाणी जास्त. आई वाईट नसते हो, महिना काढायचा असतो.

हिशेब करून बघा. 100 मिली दुधाला साधारण 13 ते 14 ग्रॅम पावडर लागते, म्हणजे 400 ग्रॅमच्या डब्यात जवळपास 3 लिटर दूध होतं. पाच किलोचं बाळ फक्त पावडरवर असेल तर दिवसाला किलोमागे सुमारे 150 मिली धरून 750 मिली पितं, म्हणजे डबा चार दिवस. आईचं दूध चालू नसताना असा डबा आठ-दहा दिवस जात असेल तर बाळ अर्धपोटी आहे. पातळ दुधाने वजन वाढत नाही, आणि फारच पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम खाली येऊन झटकेसुद्धा येऊ शकतात. म्हणून पहिल्याच दिवशी महिन्याचा खर्च काढा आणि जो डबा पूर्ण मापाने शेवटपर्यंत घेता येईल तोच निवडा. स्वस्त ब्रँड पूर्ण मापाने दिला तर बाळाचं काही नुकसान नाही. त्याच ब्रँडचा रिफिल खोका टिनपेक्षा स्वस्त पडत असेल तर खुशाल घ्या, आतली पावडर तीच.

जास्त दाट करणंही चूक, "पोट भरेल, झोपेल" म्हणून एक स्कूप वाढवला की बद्धकोष्ठता होते आणि बाळाच्या अंगातलं पाणी कमी पडतं. पाणी आधी मोजायचं, पावडर नंतर, स्कूप सुरीने सपाट करून, दाबून भरायचा नाही.

पाणी आणि पावसाळा

पावडर निर्जंतुक नसते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, कुठल्याच ब्रँडची नसते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाणी उकळून 70 अंशाच्या खाली जायच्या आत पावडर घाला, मग बाटली नळाखाली धरून कोमट करा. डब्यावर कोमट पाणी लिहिलेलं असेल, प्रोबायोटिकवाल्या डब्यांवर तर असतंच, तेव्हा डॉक्टरांना विचारून घ्या, बाळ दोन महिन्यांच्या आतलं किंवा वेळेआधी जन्मलेलं असेल तर नक्की विचारा. विहिरीचं पाणी उकळलं की जंतू मरतात पण नायट्रेट जात नाही, बागायतीत खत पडत असेल तर नळाचंच पाणी घ्या. बाटलीबंद पाणीसुद्धा उकळायचं.

बनवलेलं दूध बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही, बाळाने तोंड लावलेलं उरलं तर टाकून द्यायचं, जीव कळवळला तरी. आपल्याकडे जूनपासून हवेत जो दमटपणा असतो त्यात पावडर गोळे धरते, म्हणून डबा घट्ट बंद, कोरडा हात, फ्रिजमध्ये नाही, आणि उघडल्यावर डब्यावर लिहिलेल्या मुदतीत संपवा. सहज न फुटणारे गोळे किंवा वास आला तर ते दूध देऊ नका. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं धुवायला सोपं, उकळायला सोपं.

दर आठवड्याला ब्रँड बदलणं

गॅस झाला, बदला. शी हिरवी झाली, बदला. लोहामुळे शी हिरवट होते, ते चालतं. थोडं दूध ओकणंही लहान बाळांत नेहमीचंच, वजन वाढतंय ना ते बघा. एका स्टेजच्या (डब्यावरचा वयाचा टप्पा) साध्या फॉर्म्युलावरून दुसऱ्या कंपनीच्या त्याच स्टेजच्या साध्या फॉर्म्युलावर जाता येतं, बाळाला काही होत नाही, फक्त नवीन दुधाला थोडे दिवस द्या. दोन्ही मिसळायची असतील तर प्रत्येक आपापल्या मापाने बनवून मग एकत्र करा, कोरड्या पावडरी एकत्र नको.

स्वतःच्या मनाने लॅक्टोज फ्री घेऊ नका. गाईच्या दुधाच्या प्रोटीनची ॲलर्जी असेल तर त्याने काही फायदा नाही, प्रोटीन तेच राहतं. ॲलर्जीसाठी किंवा वेळेआधी जन्मलेल्या बाळासाठी डॉक्टरांनी खास डबा लिहून दिला असेल तर मात्र स्वस्त पर्याय शोधू नका, तिथे ब्रँड बदलायच्या आधी त्यांनाच विचारा.

उलट स्टेज 3 आणि 4 चे पैसे वाचवता येतात. वर्ष झाल्यावर घरचं जेवण आणि साधं गाईचं दूध बहुतेक मुलांना पुरतं.

आणि कोणी दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या डब्यावर डिस्काउंट, भेटवस्तू किंवा फुकट सॅम्पल देत असेल तर ते 1992 च्या कायद्याने बंद आहे. त्याच कायद्याने डब्यावर बाळाचा फोटोही छापता येत नाही. दूध कमी येतंय असं नुसतं वाटून डबा सुरू करू नका, बाळ पावडर पिऊ लागलं की अंगावर कमी ओढतं आणि दूध खरंच आटत जातं, त्याआधी आरोग्य केंद्रात किंवा बाळाच्या डॉक्टरांना नीट दाखवा.

शीमध्ये रक्त, जोराच्या वारंवार उलट्या, दिवसभरात लघवी खूप कमी, बाळ सुस्त, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, यातलं काही दिसलं तर डब्यावर चर्चा करत बसू नका, 108 ला फोन करा किंवा थेट म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला, जे जवळ असेल तिथे न्या, आणि जाताना डबा आणि त्याचा स्कूप सोबत घ्या, डॉक्टर माप विचारतात.