छोट्या कॉम्पोनंटमधल्या या चुका टाळा

रिॲक्ट म्हणजे वेबपेजचे पडदे बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी आणि कॉम्पोनंट म्हणजे त्या पडद्याचा एकेक तुकडा. त्यात २०१५ साली, ०.१४ आवृत्तीत, साध्या फंक्शनचे कॉम्पोनंट आले. प्रॉप्स, म्हणजे बाहेरून दिलेली माहिती, घ्यायचे, काय दिसावं ते परत द्यायचं, स्वतःजवळ काही ठेवायचं नाही. इतकं सरळ असूनही माझ्याकडे शिकायला येणारी पोरं त्याच त्या दगडाला ठेचकाळतात.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे यादीच्या ‘की’मध्ये, म्हणजे रिॲक्ट ज्यावरून प्रत्येक ओळ ओळखतं त्या खुणेत, इंडेक्स (ओळीचा क्रमांक) टाकणं. ‘की’ नाही म्हणून येणारी वॉर्निंग जाते ना, झालं! मीही टाकला होता. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानाला हळदीच्या सौद्याची स्क्रीन करून दिली होती. एका लॉटला एक ओळ: शेतकऱ्याचं नाव, माल, पोती आणि दर भरायचा खाना. ओळीचा कॉम्पोनंट इतका आटोपशीर की मी स्वतःवरच खूश. दर मात्र कुठल्याच स्टेटमध्ये, म्हणजे कॉम्पोनंटनं लक्षात ठेवायच्या माहितीत, नव्हता, नुसता त्या इनपुटमध्ये पडून राहायचा. नवा लॉट यादीत सगळ्यात वर यायचा. दिवाणजींनी पहिल्या ओळीत हळकुंडाला १४,५०० भरले आणि तेवढ्यात कणीचा लॉट नोंदला गेला. नावं एक ओळ खाली सरकली, आकडा जागचा हलला नाही. “अहो, कणीला हळकुंडाचा दर कुणी दिला?” पट्टी (शेतकऱ्याचं बिल) छापायच्या आधी त्यांनी पाहिलं म्हणून निभावलं. रिॲक्टचं काही चुकलं नव्हतं. ‘की’ आधीही ० आणि नंतरही ०, म्हणून त्यानं खाना तोच ठेवला, शेजारचं नाव तेवढं बदललं.

आता मी ओळ लिहायच्या आधी ‘की’ ठरवतो. लॉट नंबर असेल तर तोच, नसेल तर नोंद होतानाच आयडी देतो. दर वरच्या कॉम्पोनंटमध्ये ठेवतो. ओळीकडे फक्त आकडा आणि बदल कळवायचं फंक्शन. आणि कृपा करून ‘की’त रँडम आकडा टाकू नका. प्रत्येक रेंडरला, म्हणजे रिॲक्ट पडदा पुन्हा काढतं तेव्हा, सगळ्या ओळी मोडून नव्या उभ्या राहतात.

त्याचाच भाऊ म्हणजे कॉम्पोनंटच्या पोटात कॉम्पोनंट लिहिणं. बाहेरचा रेंडर झाला की आतलं फंक्शन नवं, म्हणजे रिॲक्टच्या लेखी कॉम्पोनंटच वेगळा. एक अक्षर टाइप केलं की कर्सर गायब. एका पोरानं दोन दिवस कीबोर्डला शिव्या घातल्या. फंक्शन बाहेर काढून ठेवायला दहा सेकंद लागतात.

प्रॉप्समधून आलेल्या ॲरेवर थेट सॉर्ट चालवू नका, मूळ यादीच उलटीपालटी होते. आधी कॉपी घ्या. कॉम्पोनंटचं नाव कॅपिटल अक्षरानं सुरू करा, नाहीतर तो साधा एचटीएमएल टॅग समजला जातो. यादीच्या लांबीपुढे दोन अँपरसँड (&&) लावून पुढचा भाग दाखवायला गेलात तर रिकाम्या यादीत पडद्यावर ० उमटतो. शून्यापेक्षा मोठी आहे का, ते नीट विचारा.

२०१९ च्या १६.८ पासून हुक्समुळे, म्हणजे कॉम्पोनंटला अशा सोयी जोडणाऱ्या खास फंक्शनांमुळे, फंक्शनलाही स्टेट ठेवता येते. म्हणून हिशोबाची रक्कमसुद्धा स्टेटमध्ये ठेवणारे आहेत. वजन आणि दर हाताशी असताना ती तिथल्या तिथे गुणून काढा की!