स्पोर्ट टूरिंग टायरची तुलना करताना या चुका टाळा (मी बहुतेक सगळ्या केल्यात)

माझ्या ६५० सीसी बाईकचा मागचा स्पोर्ट टूरिंग टायर (लांबचा हायवे आणि घाटातली वळणं दोन्हीसाठीचा) बदलायला गेलो तेव्हा टायरवाल्या दादांनी जुना टायर काढून जमिनीवर उभा धरला आणि त्याच्या नक्षीवर आडवी स्टीलची पट्टी ठेवली. पट्टी बसली म्हणजे अक्षरशः बसली, टेबलावर ठेवल्यासारखी, चार बोटं रुंद सपाट पट्टा झालेला मधोमध. दादा काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं. आणि मी त्याआधीचे दोन महिने ग्रुपमधल्या सगळ्यांना सांगत फिरत होतो की हा ब्रँड वळणात बोर आहे, गाडी झुकतच नाही, पुढच्या वेळी दुसरा घेणार.

दुसरा घेतला. दुसऱ्या दिवशी मुळशीमार्गे ताम्हिणीत गेलो तर गाडी नुसतं बघितलं की वळत होती. काय टायर आहे राव! लगेच मेसेज टाकला, जुन्यापेक्षा दहा पट भारी. घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला की मी दोन ब्रँडची तुलना केलीच नव्हती, एका नव्या गोल टायरची तुलना एका मेलेल्या चौकोनी टायरशी केली होती, आणि त्या जुन्याच ब्रँडचा नवा जोड टाकला असता तरी त्या सकाळी मी हेच बोललो असतो.

ही सगळ्यात मोठी चूक आणि जवळपास प्रत्येक टायर रिव्ह्यूत असते. लोक टायर बदलल्यावर आठवड्यात रिव्ह्यू लिहितात. हायवेला सरळ चालून चालून मागचा टायर मधे सपाट होतो, मग गाडी झुकवताना त्या सपाट भागाच्या कडेवरून खाली उतरताना एक पायरी लागते, आधी गाडी अडते आणि मग एकदम पडते. असं हळूहळू झाल्यामुळे आपल्याला त्याची सवय होते आणि नवा गोल टायर आला की जादू वाटते. म्हणून तुलना करायची असेल तर नव्याशी नवा आणि जुन्याशी जुना. मी आता काय करतो, टायर टाकल्यावर हजार किमीला मोबाईलमध्ये चार ओळी लिहितो, मग पाच हजारला, मग आठ हजारला. वळणात गाडी टाकताना कशी वाटते, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर कशी वाटते, हँडल जड झालंय का. खरा चांगला स्पोर्ट टूरिंग टायर आठ हजारला ओळखू येतो, कारण पहिल्या हजारात सगळेच भारी असतात.

"याला १५ हजार मिळाले" हा आकडा तुमच्या कामाचा नाही

टायर किती चालतो हे किमीत विचारलं की उत्तर चुकतंच. कुठली गाडी, किती वजनाची, मागे बायको आणि दोन बॅगा होत्या का, रोजचं पुणे-चाकण की महिन्यातून एकदा आंबोली, काँक्रीट की डांबर, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं. एकाने नक्षी थोडी असताना बदललेला असतो, दुसऱ्याने गोटा होईपर्यंत चालवलेला असतो, आणि दोघं आपापल्या किमीवर भांडतायत.

त्यापेक्षा डेप्थ गेज (खाचेची खोली मोजायचं साधन) घ्या, स्वस्तात मिळतो. समजा मागच्या टायरची नक्षी मधे ७ मिमी आहे आणि झिजेची खूण, म्हणजे खाचेच्या तळाला तो छोटा उंचवटा असतो तो, १ मिमीवर आहे. वापरायला ६ मिमी मिळाले. चार हजार किमीनंतर मोजलं तर ५ मिमी उरलं, म्हणजे २ मिमी गेले, हजाराला अर्धा मिमी, मग एकूण १२ हजारच्या आसपास अंदाज. आता दुसरा टायर हजाराला ०.४ मिमी जातोय म्हणाल तर तो तुमच्याच गाडीवर, तुमच्याच रस्त्यावर खरंच जास्त टिकणार. फक्त दरवेळी त्याच खाचेत मोजा, कारण एकाच टायरमध्ये सगळ्या खाचा सारख्या खोल नसतात. पिरेली एंजल जीटी टू ला मधोमध लांब जाणाऱ्या खाचा आहेत, बाकी ब्रँडची नक्षी वेगळी, म्हणून एकाची मधली खाच आणि दुसऱ्याची कडेची खाच मोजून तुलना करू नका.

आणि फक्त मधे मोजू नका, डाव्या उजव्या खांद्यावर, म्हणजे कडेला, पण मोजा. माझ्या पुढच्या टायरची उजवी बाजू नेहमी आधी जाते. आधी वाटलं फोर्क वाकडा आहे, मेकॅनिककडे दोन चकरा झाल्या. मग कळलं की आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो त्यामुळे उजवं वळण बाहेरून घेतो, ते लांब असतं आणि समोरचं दिसत असल्यामुळे वेगात पण घेतो, डावं वळण आतून आणि छोटं. घाटात जास्त फिरणाऱ्याचा हा फरक चांगला दिसतो. म्हणजे गाडी ठीक होती, माझे दोन शनिवार गेले.

कंपाउंड बघा, मग स्वतःचे रस्ते बघा

स्पोर्ट टूरिंग टायरमध्ये बऱ्याच जणांकडे मधे कडक आणि कडेला मऊ रबर असतं. मिशेलिन रोड ५ आणि रोड ६ मध्ये पुढे-मागे दोन कंपाउंड (रबराची मिश्रणं) आहेत, मागच्यात तर खांद्याच्या मऊ रबराच्या खालीपण कडक थर जातो म्हणजे झुकल्यावर टायर लिबलिबीत वाटत नाही. कॉन्टिनेंटलने रोडअटॅक ३ मध्ये वेगळा रस्ता धरला, एकच कंपाउंड पण तो तापवताना मधे आणि कडेला वेगवेगळा तापवायचा, म्हणजे कडकपणा हळूहळू बदलतो, जोड लागत नाही. दोन्ही पद्धती चालतात. पण जो माणूस दर महिन्याला कोल्हापूर रोडला सहाशे किमी सरळ जातो तो टायरचा मधला भागच वापरतो, खांदा नवाच्या नवा राहतो आणि टायर फेकावा लागतो. जो रविवारी वरंधा आणि कुंभार्ली घाट करतो तो खांदे खातो. या दोघांनी एकमेकांचा सल्ला घेऊ नये, मित्र असतील तरी.

कंपनीच्या टक्क्यांचं पण तेच. रोड ६ आला तेव्हा मिशेलिनने सांगितलं की रोड ५ पेक्षा १० टक्के जास्त टिकतो आणि ओल्यात १५ टक्के जास्त पकड. ते त्यांच्या टेस्टमध्ये. बारा हजारावर दहा टक्के म्हणजे बाराशे किमी, आणि दोन महिने हवा कमी ठेवून चालवलीत तर ते बाराशे तुम्ही स्वतःच खाऊन टाकाल.

हवा. परत हवा. सारखी हवाच.

मला जर कोणी म्हणालं की नवा टायर जड वाटतोय, वळायला आळशी आहे, तर माझा पहिला प्रश्न हवा किती, आणि दुसरा प्रश्न ती कशावर मोजली. मी स्वतः एक अख्खा सीझन एका पंपावरच्या गेजवर विश्वास ठेवून चालवला. तिथे ३२ दाखवायचा, नंतर स्वतःचा गेज घेतला तर पुढच्या टायरमध्ये २८. पुढे चार पीएसआय कमी म्हणजे हँडल जड, वळणात गाडी लाईन सोडून बाहेर जायला बघते, आणि टायरचे खांदे विचित्र झिजतात. आणि मी शिव्या देत होतो टायरला.

हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे सकाळी निघण्याआधी घरी. वीस-पंचवीस किमी चालवून पंपावर गेलात तर आकडा वाढलेला दिसतो, तो बघून हवा काढू नका, थंड झाल्यावर कमी भरेल. हवामानाचा पण हिशोब आहे, साधारण साडेपाच सहा डिग्रीला एक पीएसआय. मेमध्ये भरलेली हवा डिसेंबरच्या सकाळी महाबळेश्वरला तेवढी नसते. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरचा घ्या, टायरच्या भिंतीवर जो लिहिलेला असतो तो जास्तीत जास्तचा असतो. कावासाकी निंजा ६५० ला पुढे ३२ मागे ३६, निंजा १००० एसएक्सला ३६ आणि ४२, म्हणजे मित्राच्या लिटर (हजार सीसीच्या) गाडीचा आकडा आपल्या गाडीत भरायचा नाही. नायट्रोजनबद्दल विचारू नका, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.

एका ब्रँडला ३४ वर चालवलं आणि दुसऱ्याला ३६ वर, मग "हा जास्त आरामदायक आहे" असं म्हटलं, तर ती हवेची तुलना झाली.

मागे जाड टायर टाकणं

हे मी केलं नाही, देवाची कृपा. पण आजूबाजूला बरेच आहेत. निंजा ६५० ला १६०/६० (रुंदी १६० मिमी, भिंतीची उंची त्याच्या ६० टक्के) येतो साडेचार इंची रिमवर, तिथे १८०/५५ बसवतात कारण मागून दिसायला दणदणीत. १८० चा टायर साडेपाच इंची रिमसाठी बनवलेला असतो, छोट्या रिमवर तो दोन्हीकडून चिमटला जातो आणि त्याचा घुमट, म्हणजे वरची गोलाई, टोकदार होतो. मग सरळ चालताना जमिनीला टेकणारा भाग कमी, आणि झुकल्यावर कडेपर्यंत पोहोचायचंच नाही. हँडलिंग गेलं, पैसे जास्त गेले, आणि रिव्ह्यू लिहिताना म्हणणार "ब्रँड तेवढा खास नाही".

उंची बदलणं वेगळं. सहा इंची रिमच्या गाड्यांवर १९०/५० च्या जागी १९०/५५ टाकतात, त्यात भिंत ९५ मिमीची १०४.५ होते म्हणजे मागून गाडी साडेनऊ मिमी वर जाते, वळायला चपळ होते. पण मग ती चपळाई साईझची आहे, टायर कंपनीची नाही. तुलना करताना साईझ तीच ठेवा.

तसंच जीटी स्पेक. बऱ्याच मॉडेलची एक जड गाड्यांसाठीची आवृत्ती येते, आतून जास्त कडक. मोठी टूरर दोन माणसं आणि तीन बॉक्स घेऊन जाणार असेल तर ती घ्या. दोनशे किलोच्या गाडीवर एकटं फिरणाऱ्याने ती घेतली तर टायर तापत नाही, खड्डे हाडात लागतात. दुकानात "हीच आहे शिल्लक" म्हणाले म्हणून घेऊ नका.

शिल्लकवरून आठवलं, तारीख बघा. भिंतीवर डॉट (DOT) या अक्षरांनंतर शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, २३२३ म्हणजे २०२३ चा तेविसावा आठवडा. जून २०२० मध्ये सरकारने टायर आयातीवर बंधन आणल्यापासून बाहेरून येणाऱ्या मोठ्या गाड्यांच्या टायरचा स्टॉक कधी असतो कधी नसतो, आणि ज्याच्याकडे असतो तो जुना पण नव्याच्या भावात सांगतो. एक नवा आणि एक तीन वर्ष गोदामात पडलेला अशा दोन टायरांची तुलना कशी करणार?

पुढे एक ब्रँड मागे दुसरा हे पाप वगैरे नाही, पण दोघांच्या घुमटाचा आकार वेगळा असतो त्यामुळे पुढचा लवकर पडतो आणि मागचा मागून येतो, आणि मग कुठल्याला नावं ठेवायची हेच कळत नाही. (मेट्झेलर १९८६ पासून पिरेलीच्याच घरात आहे, म्हणून "कंपनी तीच आहे ना" असं म्हणून मिसळणारे भेटतात. टायर वेगळेच आहेत बाबांनो.)

टायरला दोष देण्याआधी हे बघा

५०-६० च्या आसपास ॲक्सिलरेटर सोडल्यावर हँडल थरथरतं: पुढच्या टायरवर हात फिरवा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने दातरे लागत असतील तर टायर लाटेसारखा झिजलाय. तो ठीक असेल तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बघा, ढिला असतो. दातरे झाल्यावर वळणात गुंई असा आवाज पण येतो आणि लोक त्याला बेअरिंग समजतात.

९०-१०० च्या पुढे बारीक कंपन: बॅलन्सिंग. टायर बदलताना जुनी वजनं तशीच ठेवून दिलेली असतात बऱ्याचदा. समोर उभं राहून करून घ्या.

गाडी एका बाजूला ओढते: चेन ॲडजस्टरच्या दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या आहेत का बघा, नव्या टायरच्या दिवशीच चाक तिरकं बसतं. टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण उलटा तर लागला नाही ना, ते पण बघा, हसू नका, होतं असं.

मागे माणूस आणि बॅगा बसल्यावर पुढचं हलकं वाटतं, वळणात गाडी रुंद जाते: मागचं प्रीलोड (शॉकअपच्या स्प्रिंगचा ताण) वाढवलंच नाही. त्यात टायरचा काही संबंध नाही.

नवा टायर घसरतोय: पहिले १०० ते १५० किमी तो घसरणारच, वरचा गुळगुळीत थर जायचा असतो, सावकाश झुकवत न्या. आणि हे झालं तरी घसरत असेल तर आठवा शेवटचं वॉशिंग कुठे केलं. माझ्या एका मित्राच्या गाडीला वॉशिंगवाल्या पोराने प्रेमाने टायर पॉलिश मारलं, भिंतीला पण आणि नक्षीला पण, काळाकुळकुळीत टायर. गेटमधून बाहेर वळताना गाडी आडवी. दोन हजाराचा लिव्हर आणि कोपर. मित्र अजून म्हणतो की त्या ब्रँडला पकड नाही.